संगणक बिघडला? फॉरमॅटच्या आधी करायच्या दहा गोष्टी

घरातला संगणक सारखा हँग होऊ लागला की कोणीतरी सांगतंच, ‘व्हायरस शिरलाय, फॉरमॅट मारून घ्या.’ फॉरमॅट मारल्यावर संगणक बहुतेक वेळा सुरू होतो. पण मुलांचे लहानपणीचे फोटो, वडिलांचे दवाखान्याचे रिपोर्ट आणि सोसायटीचे हिशेब त्यात कायमचे जातात. हार्ड डिस्क बाजारात मिळते, विंडोज पुन्हा टाकता येतं. गेलेले फोटो मात्र कुठूनही आणता येत नाहीत. म्हणून आधी फाइली वाचवायच्या, मग दोष शोधायचा, आणि फॉरमॅटचा विचार सगळ्यात शेवटी करायचा. हा क्रम पाळला तर घरच्या घरी बरंच काही निस्तरता येतं. पुढची कृती विंडोज 10 आणि 11 साठी आहे.

साहित्य

- एक्स्टर्नल हार्ड डिस्क किंवा पुरेशा क्षमतेचा रिकामा पेनड्राइव्ह
- धड चालणारा दुसरा संगणक किंवा मोबाइल
- वही आणि पेन
- मोकळा अर्धा दिवस, कारण पूर्ण स्कॅनला काही तास लागू शकतात

1. लक्षणं लिहून काढा

‘स्लो झालाय’ एवढ्यावरून काही कळत नाही. सुरू होतानाच वेळ लागतो की ब्राउझर उघडल्यावर? आपोआप बंद पडतो, तो किती वेळ चालल्यावर? त्याच्या आदल्या दिवशी नवीन काय टाकलं होतं, कोणाचा पेनड्राइव्ह लावला होता? स्क्रीनवर संदेश आला तर मोबाइलनं त्याचा फोटो काढा. पुढे दुकानात न्यायची वेळ आली तरी ही नोंद कामाला येते.

2. आधी व्हायरस नसलेली कारणं तपासा

कोपऱ्यातली तारीख पाहा. ती काही वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर2032 हा बटणसेल संपला असण्याची शक्यता आहे. तारीख चुकली की ब्राउझरला वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र अवैध वाटतं आणि बँकेपासून जीमेलपर्यंत प्रत्येक ठिकाणी ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा येतो. घरच्यांना वाटतं व्हायरस आला, आणि लागतो फक्त एक स्वस्तातला सेल.

पंखा जोरात घरघरतो आणि थोड्या वेळानं संगणक बंद पडतो, तर तो तापतोय. वायर काढून जाळीतली धूळ ब्रशनं साफ करा; लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नका. सी ड्राइव्हची पट्टी लाल दिसत असेल तर जागा संपत आली आहे: डाउनलोड्स आणि रीसायकल बिन पाहून नको ते काढा.

हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर पुढचं सगळं थांबवा. ती डिस्क शेवटच्या घटका मोजते आहे. महत्त्वाच्या फाइली लगेच काढून घ्या. कॉपी अडकत असेल तर संगणक बंद करून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या.

3. नेट तोडा

शंका व्हायरसचीच असेल तर वायफाय बंद करा, लॅनची वायर काढा. घुसलेल्या प्रोग्रामला बाहेर माहिती पाठवता येत नाही आणि नवे साथीदार आणता येत नाहीत.

स्क्रीनभर लाल पान, भोंग्याचा आवाज आणि ‘या नंबरवर फोन करा’ अशी सूचना आली तर घाबरू नका. हे साधं वेबपान असतं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजरमध्ये ब्राउझर निवडून ‘एंड टास्क’ करा. ब्राउझर परत उघडल्यावर जुनी पानं आणू का असं विचारलं तर नाही म्हणा. त्या नंबरवर फोन करू नका, आणि कोणाच्या सांगण्यावरून एनीडेस्कसारखं ॲप टाकून संगणकाचा ताबा देऊ नका.

4. फाइलींची प्रत काढा

प्रत स्कॅनच्या आधी काढायची, कारण मरायला टेकलेली डिस्क पूर्ण स्कॅनच्या ताणानं बंद पडू शकते. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते डेस्कटॉपवरच्या फाइलींचं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स ही चारही ठिकाणं सहसा सी ड्राइव्हमध्येच असतात आणि फॉरमॅटमध्ये तोच पुसला जातो. टॅलीचा डेटा, श्रीलिपीत टाइप केलेल्या फाइली आणि त्यांचे फाँट, ब्राउझरचे बुकमार्क हेही आठवणीनं घ्या. यांखेरीज फक्त फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रं घ्या. प्रोग्रामच्या फाइली नकोत, संसर्ग त्यांतून पुढे जातो. कॉपी झाली की डिस्क काढून ठेवा आणि दुसऱ्या संगणकावर स्कॅन करूनच उघडा.

एक अपवाद आहे. फाइलींच्या नावांपुढे विचित्र अक्षरं लागली असतील आणि खंडणी मागणारी चिठ्ठी दिसत असेल तर ते रॅन्समवेअर आहे. अशा वेळी बॅकअपची डिस्क अजिबात जोडू नका, नाहीतर तीही कुलूपबंद होईल. चिठ्ठीचा फोटो काढा, पैसे भरू नका, बंद झालेल्या फाइली पुसू नका. युरोपोल आणि डच पोलिसांनी काही सुरक्षा कंपन्यांच्या मदतीनं 2016 साली ‘नो मोअर रॅन्सम’ हे संकेतस्थळ सुरू केलं. काही प्रकारांच्या किल्ल्या तिथे मोफत मिळतात. आज नसलेली किल्ली पुढे मिळू शकते.

5. आत काय चाललंय ते पाहा

टास्क मॅनेजरमध्ये ‘सीपीयू’ आणि ‘डिस्क’ या रकान्यांवर क्लिक करा; सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्राम वर येतो. तो विंडोज अपडेट असेल तर काही वेळ थांबा. नाव अनोळखी असेल तर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडा. विंडोजच्या स्वतःच्या प्रोग्रामचं नाव, पण फाइल ‘टेम्प’ किंवा ‘ॲपडेटा’ फोल्डरमध्ये असेल, तर ती लबाडी समजा. मग ‘स्टार्टअप ॲप्स’मध्ये जाऊन नको ते ‘डिसेबल’ करा. सेटिंग्जमधली ॲप्सची यादी तारखेनुसार लावा आणि तक्रार सुरू झाली त्या सुमारास आलेलं, तुम्ही न टाकलेलं काढून टाका.

6. ब्राउझर साफ करा

कोपऱ्यात सतत ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस’ असं झळकत असेल तर बहुधा कुठल्यातरी साइटवर तुम्ही नोटिफिकेशनला ‘अलाउ’ म्हटलेलं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जाऊन अनोळखी साइट काढा. न वापरलेली एक्स्टेन्शन्सही काढा.

7. स्कॅन करा

नेट थोडा वेळ जोडा, विंडोज सिक्युरिटीमध्ये अपडेट घ्या, पुन्हा तोडा. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मधल्या ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून आधी ‘फुल स्कॅन’ करा, मग ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’. दुसरा स्कॅन संगणक रीस्टार्ट करून साधारण 15 मिनिटं चालतो. विंडोज सुरू व्हायच्या आधीच तो होत असल्यामुळे खोलवर लपलेला व्हायरसही सापडू शकतो. काय सापडलं ते ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त दिसतं.

दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू ठेवू नका. ते एकमेकांत अडकतात. दुसरं मत हवं असेल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या संकेतस्थळावर जा. 2017 साली सुरू झालेल्या या सरकारी केंद्रावर संसर्ग काढणारी साधनं मोफत मिळतात. त्यांत पुण्याच्या क्विक हीलचंही आहे.

अँटिव्हायरस उघडतच नसेल तर शिफ्ट दाबून ठेवून ‘रीस्टार्ट’ करा. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट असं जाऊन 4 दाबा. हा सेफ मोड; त्यात स्कॅन पुन्हा करून पाहा. त्याआधी एक खबरदारी: डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या कुलपानं बंद असेल तर 48 आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये आहे का ते मोबाइलवरून पाहून लिहून ठेवा.

8. पेनड्राइव्ह तपासा

झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या पेनड्राइव्हमध्ये फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसतात, डाव्या कोपऱ्यात छोटा बाण असलेले. घाबरून लोक पेनड्राइव्ह फॉरमॅट करतात, पण फाइली बहुतेक वेळा आतच लपवलेल्या असतात. शॉर्टकटवर डबल क्लिक करू नका, त्यानंच व्हायरस जागा होतो. फाइल एक्सप्लोररच्या ‘फोल्डर ऑप्शन्स’मध्ये ‘व्ह्यू’ उघडा, लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय निवडा आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’वरची खूण काढा. पुसट रंगाचे फोल्डर दिसू लागतील. कधी सगळं सामान नाव नसलेल्या एकाच फोल्डरमध्ये सापडतं. आपली कागदपत्रं बाहेर काढा, स्कॅन करा, मगच पेनड्राइव्ह फॉरमॅट करा.

9. विंडोजची डागडुजी आणि पासवर्ड

व्हायरस गेला तरी त्यानं मोडलेल्या फाइली तशाच राहतात. ‘कमांड प्रॉम्प्ट’वर राइट क्लिक करून तो ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. एस, एफ, सी ही अक्षरं, मग एक जागा, फॉरवर्ड स्लॅश आणि त्याला चिकटून ‘स्कॅननाऊ’ असं इंग्रजीत टाइप करून एंटर द्या. विंडोज आपल्या फाइली तपासून शक्य त्या दुरुस्त करतं.

आता मोबाइलवरून किंवा दुसऱ्या संगणकावरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला आणि ‘सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय वापरा. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणारे व्हायरस पुष्कळ आहेत. खात्यातून पैसे गेले असतील तर उद्यावर ढकलू नका. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

10. तरीही नाही जमलं, तर रीसेट

सेटिंग्जमधल्या ‘रिकव्हरी’तून ‘रीसेट धिस पीसी’ करा. संसर्ग खोलवर असेल तर ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा, पण प्रतीतले फोटो दुसऱ्या संगणकावर खरोखर उघडतात हे पाहिल्यावरच. दुकानात दिलात तर कागदावर लिहून द्या: ‘विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.’ फुकटात टाकून मिळणारं क्रॅक विंडोज घेऊ नका. असे क्रॅक व्हायरसच्या येण्याची नेहमीची वाट असते.

यापुढे

रोजच्या वापरासाठी ॲडमिनिस्ट्रेटर नसलेलं साधं खातं ठेवा. फाइलींची एक्स्टेन्शन्स दिसतील अशी सोय करा, म्हणजे फोटोच्या नावाखाली आलेला प्रोग्राम ओळखता येईल. विंडोज 10 चा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे. संगणकाला झेपत असेल तर 11 वर जा. आणि महिन्यातून एकदा फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून कपाटात ठेवा. एवढी एक सवय घरात लागली तर पुढच्या वेळी संगणक बिघडल्यावर प्रश्न फक्त दुरुस्तीच्या खर्चाचा उरेल.