जनसुनावणीला जाण्याआधी: काय मागायचं, काय वाचायचं, काय लिहून घ्यायचं



मोठा प्रकल्प येणार अशी बातमी आली की गावात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. मोबाईलवर एक जण लिहितो, हजारो नोकऱ्या येणार. दुसरा लिहितो, गावच उठणार. प्रकल्पाचा कागद मात्र दोघांनीही बघितलेला नसतो. म्हणून या महिन्याचा पाठ कागदाबद्दल आहे.

आपल्या राजापूर तालुक्याला हे नवीन नाही. जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पात १,६५० मेगावॅटच्या ६ अणुभट्ट्या, म्हणजे एकूण ९,९०० मेगावॅट, असा आराखडा झाला. त्याची जनसुनावणी १६ मे २०१० ला माडबनला झाली आणि नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राची पर्यावरण मंजुरी आली. मधे फक्त सहा महिने. पुढे नाणारच्या रिफायनरीसाठी २०१७ मध्ये जमिनीची अधिसूचना निघाली, ती २०१९ मध्ये रद्द झाली. मग जागा बदलून बारसू-सोलगावचं नाव आलं. एप्रिल २०२३ मध्ये तिथे माती परीक्षण सुरू झालं, तेव्हा भर उन्हात सड्यावर बायकाच मोठ्या संख्येने होत्या.

प्रकल्प हवा की नको, हे तुमचं तुम्ही ठरवायचं. पण ठरवायला माहिती लागते, आणि ती वेळेत मागावी लागते.

१. जनसुनावणी म्हणजे काय?

१४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. त्याआधी कंपनी एक अहवाल बनवते: पाणी, हवा, जमीन, समुद्र, माणसं यांच्यावर काय परिणाम होईल. त्यावर लोकांचं म्हणणं ऐकण्यासाठी जनसुनावणी होते.

एक लक्षात घ्या. हे मतदान नव्हे. हात वर करून प्रकल्प मंजूर किंवा नामंजूर होत नाही. पण जे मुद्दे नोंदले जातात ते तज्ज्ञ समितीपुढे जातात, आणि कंपनीला त्यांची उत्तरं द्यावी लागतात. त्यामुळे नुसतं "हवा" किंवा "नको" म्हणण्यापेक्षा नेमका प्रश्न जास्त वजनाचा.

सगळ्याच प्रकल्पांना सुनावणी नसते. आधीच पर्यावरण मंजुरी मिळालेल्या औद्योगिक वसाहतीत कारखाना येत असेल तर त्याची वेगळी सुनावणी न होण्याची शक्यता असते. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: सुनावणी आहे का?

२. हातात ३० दिवस असतात

सुनावणीची तारीख प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरवतं आणि एका राष्ट्रीय व एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात जाहीर करतं. जाहिरात आणि सुनावणी यांच्यात किमान ३० दिवस हवेत. आपल्यापैकी कितीजणींच्या घरी रोज पेपर येतो? म्हणून ग्रामसंघात एकीला हे काम द्या. आठवड्यातून एकदा तिने ग्रामपंचायतीत जाऊन फलक बघायचा आणि ग्रामसेवकांना विचारायचं.

अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र इथे बघायला ठेवलेला असतो. पूर्ण अहवाल जाडजूड आणि इंग्रजीत असतो. घाबरू नका. त्याचा सारांश मराठीत देणं बंधनकारक आहे. तो मागा आणि बैठकीत एकीने मोठ्याने वाचा, बाकीच्यांनी ऐका.

३. वाचताना आपली विहीर शोधा

आपल्याला रसायनशास्त्र येत नसेल, पण गावाचं पाणी आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे? "आमचं पाणी जाणार" असं म्हटलं तर "काळजी घेऊ" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी असं विचारा: "आमच्या वाडीची विहीर एप्रिलमध्ये तळाला जाते. अहवालात तिची नोंद कुठल्या पानावर आहे? प्रकल्पाला रोज किती पाणी लागणार आणि ते कुठून आणणार?"

आणखी काही प्रश्न:
- पाण्याची, हवेची तपासणी कुठल्या महिन्यांत केली? पावसाळ्यात पऱ्ह्याचं पाणी कुठे जातं हे बघितलं का?
- समुद्रात सोडलं जाणारं पाणी किती गरम असेल, आणि मासेमारीच्या जागेपासून किती लांब?
- आंब्या-काजूच्या कलमांवर काय परिणाम सांगितला आहे?
- नोकऱ्या किती, त्यातल्या कायम किती, शिक्षण काय लागेल, बायकांसाठी कोणत्या?

४. यादीत आपण आहोत का?

जमिनीची नोटीस सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला येते. आपल्यापैकी बऱ्याच जणींचं नाव तिथे नाही. जी पाटी घेऊन मासे विकते, जी दुसऱ्याच्या बागेत मजुरीला जाते, तिला तर नोटीस येतच नाही. पण २०१३ च्या भूसंपादन कायद्यात जमीन नसलेली शेतमजूर आणि मच्छिमार कुटुंबंही, तीन वर्षांपासून त्यांचं पोट त्यावरच चालत असेल, तर बाधित धरली जातात. जमीन या कायद्याखाली घेतात की दुसऱ्या, हे आधी लेखी विचारा, कारण त्यावर हक्क बदलतात. आणि आपल्या कामाची नोंद आजपासून ठेवा. गटाच्या कर्जाच्या अर्जात "मासे विक्री" लिहिलं असेल तर तो कागदही जपून ठेवा.

५. सुनावणीच्या दिवशी

अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या खालच्या दर्जाचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी. हजर प्रत्येकाला प्रश्न विचारायची संधी मिळते. सगळ्याचं चित्रीकरण होतं. माईकसमोर बोलायची भीती वाटत असेल तर मुद्दे लेखी द्या आणि पोच घ्या.

आपण गटात इतिवृत्त वाचल्याशिवाय सही करतो का? तोच नियम इथे. शेवटी कामकाजाचा सारांश मराठीत वाचून दाखवायचा असतो. बस चुकेल म्हणून निम्म्या जणी आधीच उठतात. तसं करू नका. परतीची गाडी आधीच ठरवा, शेवटपर्यंत बसा, आणि आपला मुद्दा सुटला असेल तर तिथेच सांगा.

६. नंतरही काम असतं

इतिवृत्त ग्रामपंचायतीत लावलं जातं, ते जाऊन वाचा. मंजुरी मिळाली तर त्यातल्या अटींची प्रत ग्रामपंचायतीकडे येते, तीही मागा. अटी पाळल्याचा अहवाल कंपनीला दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. मंजुरी मान्य नसेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं, त्याचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. कागद मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच: १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला शुल्क नाही.

पुढच्या बैठकीत एवढं करा:
१) फलक बघायला आणि कागद आणायला दोघींची नावं ठरवा आणि इतिवृत्तात लिहा.
२) वाडीतल्या विहिरी, झरे, पऱ्हे आणि ते कधी आटतात, याची यादी करा.
३) प्रत्येकीने स्वतःचा एक प्रश्न सांगावा, सचिव ताईंनी तो तिच्या नावासह लिहावा.
४) ग्रामसभेआधीच्या महिला सभेत हे प्रश्न मांडा, आणि त्यांची नोंद झाली का ते बघा.

प्रकल्पाला तुमचा पाठिंबा असो की विरोध, एकाच गटात दोन्ही मतं असली तरी चालेल. हे चारही मुद्दे दोघींना मिळून करता येतात.

तुमची क्षेत्र समन्वयक