ताप उतरायची वाट पाहू नकोस

चि. अनघा हिस,


मघाशी फोनवर तुला धड बोलता येत नव्हतं. दर वाक्याला तू थांबत होतीस, म्हणून फोन ठेवला आणि हे लिहायला बसले. वाचायला जबडा हलवावा लागत नाही. एका दमात नको वाचूस, डोळे दुखले की थांब. पण आज रात्री झोपायच्या आत सगळं वाच.

तीन दिवसांचा ताप, अंग मोडून आलेलं, त्यात उजवीकडची खालची अक्कलदाढ ठणकायला लागली. दुष्काळात तेरावा महिना. वर दाताच्या दवाखान्यातून सांगितलं, ताप उतरल्यावर या. आणि तापाच्या डॉक्टरांना तू दाढेचं सांगितलंच नाहीस, कारण ‘दाढेचं काय एवढं’. बाळा, माझी सगळी काळजी या दोन वाक्यांत आहे. ताप एकाने बघायचा, दाढ दुसऱ्याने, आणि दोघांनी एकमेकांसाठी थांबायचं, असं शरीरात होत नाही. ताप दाढेमुळेच आला असेल, तर दाढेकडे बघितल्याशिवाय तो उतरणार कसा?

तुझ्या आजोबांचं आजारपण तुला कुणी नीट सांगितलेलं नाही. १९९४ चा पावसाळा होता. त्यांची खालची दाढ किडलेली, हिरडी सुजलेली, अंगात ताप. घरी सगळे धरून चालले की पावसात भिजल्याचा ताप आहे. लवंग धरली, गालावर तव्यावर तापवलेल्या फडक्याचा शेक दिला. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर त्यांनी कप घेतला नाही. उशाशी स्टीलची वाटी होती, तिच्यात ते थुंकी टाकत होते, कारण स्वतःची लाळसुद्धा गिळवत नव्हती. हनुवटीखालचा भाग लाकडासारखा कडक लागत होता. ‘शमा, पाणी’ एवढंच म्हणाले, पण तोंडात गरम घास धरून बोलावं तसा आवाज. तो आवाज मला आजही ऐकू येतो. शेजाऱ्यांच्या जीपमधून कऱ्हाडला नेलं. डॉक्टरांनी हनुवटीखाली चीर देऊन पू काढला. अकरा दिवस ते दवाखान्यात होते.

तिथल्या डॉक्टरांनी मला नंतर समजावून सांगितलं. खालच्या दाढांची मुळं जबड्यात खोलवर असतात. तिथला पू जिभेखाली आणि गळ्याकडे उतरला की जीभ वर ढकलली जाते आणि श्वासाची वाट अडते. १८३६ साली लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी हा आजार लिहून ठेवला, म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे. अँटिबायोटिक्स नव्हती त्या काळात याची लागण झालेली निम्म्याहून जास्त माणसं जात. माझे वडील वाचले, कारण त्या सकाळी शेजाऱ्यांकडे एक जीप होती.

तुला घाबरवायला हे लिहीत नाही. तुझी गोष्ट तिथवर गेलेली नाही. तू फोनवर पाणी प्यायलीस, मी घोट ऐकला. पण लक्ष कशावर ठेवायचं ते तुला माहीत हवं. तोंड दोन बोटंही उघडेनासं झालं, सूज डोळ्याकडे किंवा मानेकडे सरकली, जिभेखाली फुगल्यासारखं वाटलं, लाळ गिळताना त्रास झाला, श्वास अडखळला, हुडहुडी भरून ताप चढला किंवा बोलताना भ्रम झाल्यासारखं वाटलं, तर सकाळची वाट बघायची नाही. रूममेटला उठवायचं, १०८ लावायचा किंवा सरळ टॅक्सी करून केईएम किंवा सायनच्या कॅज्युअल्टीत जायचं. रात्री दोन वाजता एखाद्या छोट्या दवाखान्याचं दार वाजवत बसू नका. यात लाजायचं काही नाही. दाढेच्या दुखण्याने कॅज्युअल्टीत आलेली तू पहिली नसशील.

आता औषधांचं. तू म्हणालीस, केमिस्टने एक ‘स्ट्राँग’ गोळी दिली. ती परत घेऊ नकोस. सध्या मुंबईत डेंग्यूची साथ आहे आणि तुझी रक्ततपासणी झालेली नाही. डेंग्यू असेल तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन यांनी रक्तस्राव वाढू शकतो. दाढदुखीवर लोक सर्रास घेतात त्या बहुतेक गोळ्या याच. तुझा डेंग्यू नाही हे कळेपर्यंत साधी पॅरासिटामॉल, आणि तीसुद्धा मोजून: दोन डोसमध्ये किमान चार तासांचं अंतर, चोवीस तासांत चार ग्रॅमच्या वर कधीच नाही. तू जेवलेली नाहीस, म्हणून त्याच्याही खूप खाली राहा. आणि सर्दीच्या गोळीतही बऱ्याचदा पॅरासिटामॉलच असते, तेव्हा पाकिटामागचं बारीक अक्षर वाच. वहीत वेळ लिहून ठेव. तापात गोळी घेतली की नाही हे आठवत नाही.

ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवायचा घरगुती उपाय कुणी सांगेल. माझ्या हॉस्टेलमधल्या एका मुलीने तेच केलं होतं. हिरडीची कातडी पांढरी पडून सोलली, आणि दुखणं होतं तिथेच. लवंगतेल चालेल, पण कापसाला लावून, पिळून, फक्त दाढेवर. थेंब ओतायचे नाहीत. कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चारपाच वेळा चूळ भर. गालावर शेक देऊ नकोस. झोपताना डोक्याखाली दोन उशा घे. आडवं पडलं की डोक्याकडे रक्त जास्त येतं आणि ठणका वाढतो, म्हणूनच तुला रात्र जड जाते.

आणि पी. पेज, मुगाचं कढण, नारळपाणी, जे जाईल ते, पण फार गरम नको. ताप आणि उपास एकत्र आले की दाढ काढायच्या खुर्चीत चक्कर येते.

उद्या सकाळी कुठे जायचं? तुझ्या दादरच्या खोलीपासून मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय जवळ आहे. सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे. ओपीडीचा केसपेपर सकाळी निघतो, म्हणून लवकर जा. खर्चाचा विचार करू नकोस, मी पैसे टाकलेत, शिवाय तिथे फारसे लागतही नाहीत. तिथे पहिले भेटतील त्या डॉक्टरांना तीन गोष्टी आधी सांग: तीन दिवसांचा ताप आहे, डेंग्यूची तपासणी झालेली नाही, आणि लहानपणी तुला अॅमॉक्सिसिलीनने अंगभर पुरळ आलं होतं. ती पुरळाची गोष्ट तुला आठवत नसेल, चार वर्षांची होतीस, मला आठवते. प्लेटलेट्स कमी असतील तर ते दाढ लगेच काढणार नाहीत, पण पुवाला वाट मोकळी करून देतील किंवा योग्य औषध देतील. सीबीसी आणि डेंग्यूची एनएस१ तपासणी लगेच करायला सांग. आणि त्यांचं मत तापाच्या डॉक्टरांनाही दाखव.

अँटिबायोटिक्स दिली तर ठणका दोनतीन दिवसांत थांबेल. तिथे बहुतेक जण चुकतात. बरं वाटलं म्हणून कोर्स मधेच सोडतात आणि दाढेकडे परत जात नाहीत. गोळ्या जंतू मारतात, पण पू साठायचं मूळ कारण दाढेत तसंच राहतं. ती काढायची की आणखी काही करायचं, हे डॉक्टरांनी ठरवेपर्यंत काम संपलेलं नाही. आणि सुजलेल्या जागी भुलीचं इंजेक्शन कमी लागू पडतं. दुखलं तर हात वर करून सांग, मुकाट सोसू नकोस. आमच्या घरात मुकाट सोसायची सवय फार जुनी आहे. तुझे आजोबा दोन दिवस त्या वाटीत थुंकत राहिले, पण हाक मारली नाही.

आज रात्री एकटी झोपू नकोस. रूममेटला खोलीचं दार उघडं ठेवायला सांग. तिला हे पत्र वाचून दाखव, म्हणजे काय बघायचं ते तिलाही कळेल. मी परवा महालक्ष्मी एक्सप्रेसने निघते, दुसऱ्या दिवशी सकाळी दादरला उतरेन. तोवर रोज सकाळ-संध्याकाळ ताप मोजून मला आकडा पाठव, आणि उद्या केसपेपर हातात आला की त्याचा फोटो.

तुझी,
शमा मावशी