टाकीतला गंज, पेट्रोलचा वास

प्रश्न : माझी १९९६ची मारुती ८०० रत्नागिरीत पावसाळाभर उभी होती. आता ती चढावर गचके देते, फिल्टरमध्ये तांबडी भुकटी सापडते आणि मागच्या सीटपाशी पेट्रोलचा वास येतो. कार्ब्युरेटर बदलू का?

उत्तर : कार्ब्युरेटरला एवढ्यात हात लावू नका. तांबडी भुकटी म्हणजे टाकीतला गंज. तो साफ होईपर्यंत नवा कार्ब्युरेटरही तुंबेल.

आधी वासाचं बघा. तोवर गाडी कृपया चालवू नका. गाडी लिफ्टवर घेऊन टाकीच्या कडा, पट्ट्या आणि तळाखालची पाइप तपासून घ्या. क्लिपखाली खारी ओल साचते, पाइप बहुधा तिथेच सडते. रबरी नळ्याही बघा. तुमची गाडी हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेली नाही. जुनं रबर त्याने फुगतं, मऊ पडतं, मग चिरतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पाणी वाढलं की पाणी आणि इथेनॉल दोन्ही पेट्रोलपासून वेगळी होऊन तळाशी बसतात आणि पत्रा तिथूनच खातात. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्याच मागा.

टाकी भोकांनी चाळण झाली असेल तर बदलाच. डाग देऊन घ्यायचा असेल तर पेट्रोलची वाफ पूर्ण काढणाऱ्या कारागिराकडेच. रिकामी दिसणारी टाकीसुद्धा वाफेने फुटते, माणसं जातात. यानंतर फिल्टर नवा घाला, कार्ब्युरेटरचे जेट धुऊन घ्या. नवा फिल्टर महिन्याभराने उघडून बघा. पुन्हा भुकटी दिसली तर गंज अजून आत आहे.