जुनी पिकअप घेताय? मॉडेलचं साल चेसिस नंबरवरून वाचायला शिका

सेकंड हँड पिकअपचा व्हिडिओ पाहून बऱ्याच जणांनी एकच विचारलं, "सर, गाडी कोणत्या सालची हे नक्की कसं ओळखायचं?" अक्षरांचा तक्ता व्हिडिओ पाहून लक्षात राहत नाही, म्हणून इथे लिहून देतो. गाडीजवळ उभं राहून मोबाईलवर वाचा.

आधी एक गोष्ट पक्की करा. गाडीला दोन तारखा असतात, एक उत्पादनाची आणि एक नोंदणीची. विकणारा त्यातली जी त्याच्या सोयीची तीच सांगतो. आपल्या बॅचमधल्या एका मुलाने तेलघाणीचा माल पोचवायला पिकअप बघितली. "२०२० चं मॉडेल आहे भाऊ," म्हणून भाव सांगितला. नोंदणी खरंच जानेवारी २०२० ची होती. पण चेसिस नंबरातलं दहावं अक्षर 'के' निघालं, म्हणजे गाडी बनली २०१९ मध्ये, आणि होती बीएस-४. बीएस-६ देशभर १ एप्रिल २०२० पासून लागू झालं. मुलाने तिथेच '२०१९ चा भाव' लावून बोलणी केली.

एका वर्षाने किती फरक पडतो? विम्याचा घसाऱ्याचा तक्ता बघा. तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के घसारा, चार ते पाचला ५० टक्के. नव्या गाडीची किंमत ८ लाख धरली, तर एका वर्षाचे ८० हजार झाले. धंद्याचं पहिलं भांडवल असणाऱ्या माणसाला ही रक्कम लहान नाही.

आता नंबर वाचू. चेसिस नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असतो. पहिली तीन अक्षरं कंपनी सांगतात: 'एमए१' महिंद्रा, 'एमएटी' टाटा, 'एमए३' मारुती सुझुकी, 'एमबी१' अशोक लेलँड. मधला भाग मॉडेल आणि इंजिनचा, तो सोडून द्या. दहाव्या जागेवर साधारणपणे साल असतं. २००१ ते २००९ साठी १ ते ९ आकडे. मग ए २०१०, बी २०११, सी २०१२, डी २०१३, ई २०१४, एफ २०१५, जी २०१६, एच २०१७, जे २०१८, के २०१९, एल २०२०, एम २०२१, एन २०२२, पी २०२३, आर २०२४, एस २०२५. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं चेसिस नंबरात वापरतच नाहीत, १ आणि ० शी गोंधळ होतो म्हणून. नंबरात 'ओ' दिसला तर आधी तो शून्य आहे का ते बघा.

शेवटचे आकडे म्हणजे उत्पादनाचा अनुक्रमांक. "लवकरचा नंबर आहे, माल मजबूत," असं कोणी म्हटलं तर हसून सोडून द्या. त्या नंबरचा खरा उपयोग पार्टच्या काउंटरवर होतो. कंपन्या एकाच सालात मधेच एखादा पार्ट बदलतात, त्यामुळे नुसतं 'अठराची पिकअप' सांगून चुकीचा पार्ट हाती येतो. पूर्ण चेसिस नंबर द्या.

आरसीवरचा नंबर पुरेसा नाही, गाडीवर कोरलेला बघा. चेसिसच्या पट्टीवर असतो, चिखल-ग्रीस पुसावं लागतं. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, छाप येईल. तो आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. एखादा आकडा वाकडा असेल, घासल्याची खूण असेल किंवा तेवढ्याच जागेवर ताजा रंग असेल, तर गाडी कितीही स्वस्त असो, परत या.

नंबर प्लेटवरून साल ठरवू नका. एमएच-२९ म्हणजे यवतमाळला नोंद झाली, एवढंच. नवी एचएसआरपी प्लेटही जुन्या गाड्यांना लागली आहे. मात्र पैनगंगेपलीकडून आदिलाबादची गाडी आली, तर प्लेट थोडं बोलते. एपी-०१ असेल तर नोंदणी तेलंगण होण्याआधीची, म्हणजे जून २०१४ पूर्वीची. टीएस असेल तर त्यानंतरची, आणि टीजी असेल तर मार्च २०२४ नंतरची. ही नोंदणीची वेळ झाली, उत्पादनाची नाही. अशा गाडीला तिकडच्या आरटीओची एनओसी लागते आणि आपल्याकडचा टॅक्स वेगळा भरावा लागतो, तो भावात धरा.

काही जणांना जुनी जीप-पिकअप रंगवून चहा-नाश्त्याची गाडी करायची असते. दिसते भारी! पण 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम जुलै २०२१ मध्ये आले, ते नीट समजून घ्या. पहिली नोंदणी होऊन ५० वर्षं झालेल्या गाडीलाच ती मिळते, फी २० हजार, मुदत दहा वर्षं. आणि त्या नोंदणीवर गाडी धंद्यासाठी किंवा रोज रस्त्यावर चालवता येत नाही. इतक्या जुन्या गाड्यांना वरचा १७ आकडी तक्ताही लागू होत नाही. तिथे आरसी, जुनी टॅक्सची पावती आणि कंपनीच्या पाटीवरचा नंबर, तिन्ही जुळवावं लागतं.

व्यवहार ठरला तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फिटनेसचं पुढच्या व्हिडिओत बघू.