कातीव कामाचा छंद धरणाऱ्या भाच्यास



फिरत्या लाकडाला हत्यार लावून त्याला गोल घडण देणे म्हणजे कातीव काम, आणि त्यावर पोट भरणारा तो कातारी. सुतारकामात लाकूड स्थिर असते व हत्यार चालते, येथे त्याच्या उलट घडते, म्हणून सुतारकामातला सराव लेथवर फारसा उपयोगी पडत नाही. भाच्याने हा छंद धरला हे उत्तमच झाले. मात्र लेथ येताच वाडगा काढण्याची घाई त्याने आवरावी आणि पहिले काही महिने लाटण्यांवरच घालवावेत, असे मामाचे स्पष्ट मत आहे.

याचे कारण लाकडाच्या तंतूंत आहे. लाटणे दोन टोकांना धरले जाते व त्याचे तंतू फिरण्याच्या अक्षाला समांतर असतात, त्यामुळे हत्यार जाड भागाकडून बारीक भागाकडे नेले की प्रत्येक तंतू खालच्या तंतूंच्या आधाराने कापला जातो आणि अंग गुळगुळीत निघते. वाडग्याचे लाकूड सहसा तंतू अक्षाला आडवे ठेवून बसवतात. तेथे एकाच फेऱ्यात धारेसमोर आळीपाळीने तंतूंची कड व तंतूंची टोके येतात, बाहेरून बुडाकडून काठाकडे आणि आतून काठाकडून मध्याकडे कापत जावे लागते, आणि कोन जरासा चुकला तरी हत्यार गपकन अडकून हाताला जबर हिसका बसतो. धारेमागची घासलेली तिरपी बाजू, जिला बेव्हल म्हणतात, ती आधी फिरत्या लाकडावर टेकवावी व मूठ हळूहळू उचलत धार भिडू द्यावी, ही सवय लाटण्यावरच हातात मुरते. शिवाय बिघडलेले लाटणे आणखी बारीक करून त्याचा रवीचा दांडा होतो, बिघडलेल्या वाडग्याचे काहीच होत नाही.

पुढे वाडग्याकडे वळल्यावर लाकडाचा इंचांतला व्यास आणि मिनिटाच्या फेऱ्या यांचा गुणाकार साधारण 6,000 ते 9,000 यांच्या दरम्यान ठेवावा, म्हणजे 10 इंची लाकडाला 600 ते 900 फेऱ्या पुरे होतात. तोंडावर पारदर्शक ढाल असावी, बाह्या आवळलेल्या असाव्यात आणि मनगटातले गंडेदोरे, ते कोणत्याही देवाचे असोत, काढून ठेवावेत. ओले लाकूड वाळताना वर्तुळी वलयांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्यापासून सालीकडे आकसते, म्हणून ओल्या लाकडाचा गोल वाडगा पुढे लांबट होतो. यासाठी भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी जाड राखून, उघड्या टोकांना मेण लावून तो काही महिने सावलीत ठेवावा आणि मगच दुसऱ्यांदा कातावा.

हे शिकण्यासाठी सोबत लागते. अमेरिकेत हौशी व व्यावसायिक कातारींची संघटना 1986 साली स्थापन झाली आणि तिच्या स्थानिक शाखांत सभासद एकमेकांसमोर प्रात्यक्षिके करतात. सावंतवाडीच्या चितार आळीत मात्र ही विद्या घराण्याने चालत आली, आणि तिथल्या राजघराण्यातील शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात लाखकामाला व गंजिफेच्या हाताने रंगवलेल्या पत्त्यांना आश्रय देऊन ती तगवली. विजेचा लेथ येण्यापूर्वी कातारी जमिनीवर बसून दोरीने किंवा कमानीने लाकूड पुढेमागे फिरवीत, पुढच्या फेऱ्यात हत्यार लावीत व परतीच्या फेऱ्यात ते केसभर मागे घेत. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या कारागिरांकडे लाखेची रंगीत कांडी फिरत्या खेळण्यावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून पसरते आणि केवड्याच्या जातीच्या पानाने घासताच चकाकते. पान किती दाबावे हे पुस्तकात सापडत नाही, कारागिराच्या मनगटाकडे पाहूनच ते समजते.

अशा ठिकाणी जाताना भाच्याने विद्यार्थी म्हणून जावे, सांगितलेल्या किमतीत घासाघीस न करता वस्तू घ्यावी, आणि कारागिराचा हात मोकळा असेल तेव्हाच प्रश्न विचारावा. त्याहून महत्त्वाची गोष्ट विक्रीची आहे. नोकरीचा पगार असलेला हौशी माणूस स्वतःच्या वेळेचे मोल शून्य धरून केवळ लाकडाच्या खर्चात वस्तू विकू लागला, तर त्याच वस्तूवर घर चालवणाऱ्याला त्या भावात उभे राहता येत नाही, आणि हे नुकसान यंत्राच्या स्वस्त मालापेक्षा अधिक बोचरे असते, कारण ते कलेच्या प्रेमापोटी झालेले असते. म्हणून भाच्याने आपली लाटणी नात्यागोत्यात वाटावीत. विकायचीच वेळ आली, तर चितार आळीतल्या भावाहून एक रुपयाही कमी घेऊ नये.