घरगुती गॅसचा दाब : मर्यादा आणि खबरदारी

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुका हा कापूस पिकविणारा भाग. येथील चुलींत पिढ्यान्‌पिढ्या पऱ्हाट्या व गोवऱ्या जळत आल्या. पुढे खेड्यापाड्यांत गोबरगॅस आला आणि २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे सिलिंडरचा गॅसही अनेक घरांत पोचला. इंधन बदलले, की त्याचे नियमही समजून घ्यावे लागतात. आच कमी पडताच दाब वाढवावा, ही समजूत धोक्याची आहे.

तरंगत्या टाकीच्या गोबरगॅस संयंत्रात दाब टाकीच्या वजनावर ठरतो. एक चौरस मीटर क्षेत्रफळाच्या टाकीचे वजन १०० किलो असल्यास गॅसचा दाब १० सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो. ज्योत मंदावली असता टाकीवर दगड ठेवण्यापूर्वी नळीत साचलेले पाणी काढून टाकावे आणि शेगडीची छिद्रे साफ करावीत. पुष्कळदा दोष तेथेच असतो.

सिलिंडरमधील दाब याच्या कितीतरी पट अधिक असतो. रेग्युलेटर तो सुमारे ३० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका खाली आणतो. हे प्रमाण कारखान्यातच निश्चित केलेले असते; म्हणून रेग्युलेटर घरी उघडू नये. हॉटेलातील भट्टीसाठी असलेला जादा दाबाचा रेग्युलेटर घरच्या शेगडीस लावल्यास ज्योत बर्नर सोडून उचलली जाते आणि सांध्यांतून गळती होऊ शकते. गोबरगॅसच्या शेगडीची छिद्रे मोठी असतात. तीवर सिलिंडरचा गॅस वापरू नये.

सिलिंडर संपत आला की तो आडवा पाडणे किंवा गरम पाण्यात ठेवणे, ही प्रथाही सोडली पाहिजे. आडव्या सिलिंडरातून द्रवरूप गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो. उष्णतेने आतील दाब वाढतो.

निळी, स्थिर ज्योत ही दाब व हवा योग्य असल्याची खूण होय. पिवळी, काजळी धरणारी ज्योत बहुधा हवा अपुरी असल्याचे दर्शविते. गळतीची शंका आल्यास सांध्यांवर साबणाचे पाणी लावून पाहावे. काडी ओढून कधीही पाहू नये. वास येताच रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि विजेच्या बटणास हात लावू नये. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

ग्रामसभेत आणि शाळेत साबणाच्या पाण्याची ही साधी चाचणी एकदा करून दाखविल्यास ही माहिती घरोघरच्या स्वयंपाकघरापर्यंत सहज पोचेल. शिक्षक व पंचायत सदस्य यांनी त्यासाठी पुढाकार घेणे अगत्याचे आहे.