साताऱ्याचं माहेर आणि अमेरिकेचा क्लिअरन्स

अमेरिकेत संरक्षण खात्याची कामं घेणाऱ्या कंपनीत मी इंजिनिअर आहे. सिक्युरिटी क्लिअरन्ससाठी, म्हणजे गोपनीय माहिती हाताळण्याच्या सरकारी परवानगीसाठी, अमेरिकन नागरिकत्व लागतं, ते मी घेतलं. पण माहेर साताऱ्यात आणि सासर बेळगावात, ते तिथेच राहिलं. या दोन घरांचा हिशेब सरकारपुढे मांडताना शिकलेल्या या गोष्टी, मागून येणाऱ्यांसाठी.

१. प्रश्न दबावाचा असतो. क्लिअरन्ससाठी २०१७पासून लागू असलेल्या १३ निकषांपैकी ‘बी’ हा परकीय प्रभावाचा. आईवडील परदेशात असणं हा दोष मानत नाहीत. त्यांना कोणी धमकावलं किंवा आमिष दाखवलं, तर तुम्ही पेचात पडाल का, हे बघतात. त्यासाठी देशही तोलतात. भारत मित्रदेश असला, तरी चौकशी सुटत नाही.

२. नातेवाइकांची नोकरी आहे तशी लिहावी. क्लिअरन्सच्या ‘एसएफ-८६’ या फॉर्मच्या १८व्या विभागात आईवडील, भावंडं, मुलं, सासूसासरे सगळे येतात, हयात नसलेलेसुद्धा. माझे वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, भाऊ जिल्हा परिषदेत. “नुसतं शेतकरी लिही गं,” असा सल्ला मिळाला होता. मी पेन्शनसकट सगळं लिहिलं. सुभेदार वडिलांचं स्पष्टीकरण देता येतं. जाणूनबुजून खोटं लिहिणं हा ५ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

३. चुलत-मावस भावंडांचा विभाग वेगळा. १९व्या विभागात गेल्या ७ वर्षांत ज्यांच्याशी जिव्हाळ्याचा किंवा सतत संबंध राहिला, असे परदेशी नागरिक विचारतात. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अख्खं खानदान असतं. नुसत्या ‘गुड मॉर्निंग’वाल्यांना मी वगळलं, ज्यांच्याशी सुखदुःख बोलते, त्यांची नावं दिली.

४. सासर परकं धरत नाहीत. नवऱ्यावर माया आहे, म्हणजे त्याच्या आईवडिलांवरही असणारच, असं गृहीत धरलं जातं. “आमचं फारसं बोलणं नसतं” एवढ्याने ते खोडलं जात नाही. फोन किती, भेटी किती, पैसे किती, हे सांगावं लागतं.

५. सातबाराही येतो. परदेशातली मालमत्ता विचारताना ‘पुढे मिळण्याची शक्यता आहे का’ हेही विचारतात. वडिलोपार्जित रानावर आज माझं नाव नाही, पण वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. गुंठे आणि अंदाजे किंमत भावाकडून आधीच मागवून ठेवली. घरी पाठवलेले पैसेही याच विभागात येतात.

६. इकडचं पारडं दाखवा. इथलं घर, मुलांच्या शाळा, नवऱ्याचं नागरिकत्व, नोकरीतली वर्षं, निवृत्तीची शिल्लक: हे सगळं तुमच्या बाजूने मोजलं जातं. मुलाखतीला आईची माया कमी करून सांगायला जाऊ नका. त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. तिच्याइतकंच घट्ट इथे काय आहे, ते कागदांनिशी मांडा.

७. आधीचे निकाल वाचा. शंका उरली, तर आक्षेपांचं पत्र येतं. त्याला लेखी उत्तर देता येतं, सुनावणी मागता येते. कंत्राटदारांच्या कर्मचाऱ्यांचे असे निकाल अर्जदाराचं नाव काढून प्रसिद्ध होतात. त्यांत भारतातल्या नातेवाइकांची प्रकरणंही आहेत: काही मंजूर, काही नामंजूर. शंकेचा फायदा मात्र अर्जदाराला मिळत नाही, देशाच्या सुरक्षेला मिळतो. पुरावे जमवायचे ते आपणच, आणि पत्र येण्याआधी.